आई, ताई आणि अर्धं तिकीट

२०१६ सालची धनत्रयोदशी. तारीख २८ ऑक्टोबर. भावजयीचं ऑपरेशन झालं होतं म्हणून त्या वर्षी दिवाळीचं करायला मी माहेरी, पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. आमच्या गोव्यात दिवाळी म्हणजे नरकासुराची रात्र. वाड्यावरची पोरं गवत आणि कागद भरून केलेला अक्राळविक्राळ नरकासुर तिठ्यावर उभा करून रात्रभर ढोल-ताशे बडवतात आणि पहाटे तो जाळतात. मग अभ्यंगस्नान, तुळशीपुढे कारीट फोडणं, आणि पोहे. दूधपोहे, गोडाचे पोहे, ताकातले पोहे, फोडणीचे पोहे. मी चुलीपाशी गूळ चिरत बसले होते. भावानं ओसरीवरून हाक मारून सांगितलं, "आक्का, शशिकलाताई गेल्या."

हातातली सुरी तशीच राहिली. मला पहिल्यांदा आठवण झाली ती ताईंची नव्हे, माझ्या आईची. आई जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. ती असती तर तिनं त्या पहाटे कारीट फोडलं नसतं, पोहेही केले नसते. घरचं माणूस गेल्यावर सण कसला, असं म्हणाली असती. आणि मग माझ्याकडे बघून, सदतीस वर्षांपूर्वीचा एक हिशेब पुन्हा एकदा काढला असता. तो हिशेब आज मी वाचकांपुढे मांडणार आहे, कारण त्यातली थकबाकी अजून माझ्याच नावावर आहे.

गोव्याबाहेरच्या, विशेषतः तरुण वाचकांना शशिकला काकोडकर हे नाव कदाचित ठाऊक नसेल. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, म्हणजे आम्हा सगळ्यांचे भाऊसाहेब, त्यांची ही थोरली मुलगी. जन्म ७ जानेवारी १९३५ चा, आमच्या पेडण्याचा. शिक्षण पणजीत, मग धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात, आणि एम. ए. मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून. १९६३ साली गुरुदत्त काकोडकरांशी लग्न झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुक्त गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक होऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, आमच्या तोंडी 'मगो', सत्तेवर आला. १९६७ साली ताई पेडण्यातून आमदार झाल्या तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. १९७२ साली डिचोलीतून निवडून येऊन राज्यमंत्री झाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब अचानक गेले आणि अडतिसाव्या वर्षी ताई मुख्यमंत्री झाल्या. उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी, ओरिसात नंदिनी सत्पथी आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्या ताई. गोव्याला त्यानंतर आजवर दुसरी स्त्री मुख्यमंत्री लाभलेली नाही. महाराष्ट्राला तर एकही नाही.

हे झालं पुस्तकात सापडेल असं. माझ्या घरात मात्र ताईंचं चरित्र दोन बायकांच्या भांडणातून उलगडत असे. एक माझी आई, दुसरी डिचोलीला दिलेली माझी मावशी. मावशीचे यजमान खाणीवर कामाला होते. लाल धुळीनं माखलेलं त्यांचं घर, अंगण, अळवाची पानंसुद्धा मला अजून दिसतात. मावशी चतुर्थीला किंवा पेडण्याच्या दसऱ्याला आली की दोघी बहिणींची जुंपायची. आई म्हणायची, ताई आमची, जन्म इथला, पहिली निवडणूक इथली. मावशी म्हणायची, जन्माचं काय घेऊन बसलीस, मंत्री झाली ती आमच्या मतांवर, मुख्यमंत्री झाली तीही डिचोलीची आमदार म्हणून. दोघींनाही अक्षरओळख नव्हती. मतपत्रिकेवरचा सिंह तेवढा दोघींना ओळखता येत असे. पण कोणती बाई कुठल्या मतदारसंघाची, याचा असा चोख हिशेब मी पुढे शिकलेल्या बायकांतही क्वचित पाहिला.

१९६७ ची ती निवडणूक मला अंधुक आठवते. मी आठ वर्षांची होते. त्या वर्षाच्या आरंभीच, १६ जानेवारीला, गोव्यात जनमत कौल झाला होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं संघराज्य क्षेत्र म्हणून राहायचं? विलीनीकरणाला फूल, वेगळेपणाला दोन पानं. आमच्याकडे सगळी फुलाची माणसं. त्यात नवल काय? पेडणे, डिचोली, सत्तरी हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचा. आमच्या लेकी बांद्याला, सातार्ड्याला, आरोंद्याला दिलेल्या. मला शाळेत 'ग म भ न' गिरवायला लावणारे गुरुजीही सावंतवाडीकडचेच. भाऊसाहेबांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या आणि पलीकडून शिक्षक आणले, त्यांतले ते एक. पण कौल वेगळेपणाच्या बाजूनं लागला. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. ३४,०२१ मतांनी फूल हरलं. त्या दिवशी गावात मोठी माणसं मयताला बसावं तशी बसलेली मी पाहिली.

आणि अडीच महिन्यांच्या आत त्याच गोमंतकीयांनी त्याच मगोला ३० पैकी १६ जागा देऊन पुन्हा निवडून दिलं. लोकांचं मन असं असतं. घर वेगळं राहू दे म्हणाले, पण कारभारी तेच हवेत म्हणाले. त्या प्रचारात एका दुपारी गावच्या रस्त्यानं बरीच माणसं चालत गेली आणि त्यात पुढे एक तरुण बाई होती, डोक्यावर पदर नसलेली. आईनं मला कडेवर घेऊन दाखवलं होतं. आठ वर्षांची घोडी मी, तरी कडेवर घेतलं, यावरून तिच्या लेखी त्या दर्शनाचं मोल काय असेल ते समजावं. मला आठवतो तो आईच्या खांद्याचा घामट वास आणि तिचं "बघ, बघ" म्हणणं.

आता घराविषयी सांगायला हवं, कारण सगळं अडलंय ते तिथंच.

आम्ही मुंडकार. घाटावरच्या वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागेल. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, माडांच्या भाटात झोपडं बांधून राहणारा तो मुंडकार. कूळ शेत कसतं, मुंडकार नुसता राहतो. राहण्याच्या बदल्यात नारळांची राखण करायची, झावळ्या गोळा करायच्या, भाटकाराच्या घरी लग्नकार्य निघालं की बोलावण्याची वाट न पाहता जाऊन राबायचं. तीन पिढ्या राहिलं तरी पायाखालची माती आपली नाही. भाटकाराची मर्जी फिरली की उठायचं. आमचं घर मातीचं, वर चुडतांचं छप्पर. दर वर्षी पावसाआधी शाकारणी करायची. माझे वडील १९७० साली गेले. त्यानंतर छपरावर चढायला माणूस मिळेना. १९७४ च्या उन्हाळ्यात आईनं काजू विकून थोडे पैसे जमवले आणि कौलं घालायची परवानगी मागायला ती भाटकाराच्या माणसाकडे गेली. त्या माणसाचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याचे नातू आता चांगले शिकले-सवरलेले आहेत. तो म्हणाला, कौलं चढली की घर पक्कं झालं, आणि घर पक्कं झालं की तू उठायची नाहीस. कौलं नाहीतच, उलट पुढच्या पावसाआधी जागा मोकळी कर.

त्या रात्री आई जेवली नाही. मी पंधरा वर्षांची, भाऊ दहाचा. पुढच्या पावसाआधी म्हणजे कुठं जायचं, हा प्रश्न आम्ही तिघांनी एकमेकांना विचारलाच नाही. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

१९७५ साली ताईंच्या सरकारनं मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा केला. मुंडकाराला भाटकाराच्या लहरीवर घराबाहेर काढता येणार नाही. एवढंच नव्हे, तर राहतं घर आणि भोवतालची थोडी जागा, ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर घर धरून ३०० चौरस मीटरचा हिशेब, विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला. दुसऱ्या वर्षी, १९७६ मध्ये, कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली आणि कसणाऱ्याला कसत्या जमिनीचा मालक मानलं गेलं. कूळ कायदा भाऊसाहेबांनी १९६४ साली आणलेला. त्यांनी खंड आणि हकालपट्टी यांना बांध घातला होता. मुलीनं पुढचं पाऊल टाकून मालकीच दिली. भाटकार कोर्टात गेले, खटले वर्षानुवर्षं चालले. मुंडकारांचे कितीतरी दावे आजही मामलेदारांपुढे पडून आहेत. कायदा झाला की घर मिळालं, इतकं ते सरळ नव्हतं. पण एक गोष्ट ताबडतोब झाली. तो माणूस पुन्हा आमच्या अंगणात आला नाही. आणि १९७७ च्या उन्हाळ्यात आईनं कुणालाही न विचारता कौलं घातली. पहिल्या पावसात आम्ही तिघं मधल्या घरात बसून नुसता आवाज ऐकत होतो. चुडतांवर पाऊस मुका पडतो, कौलांवर तो बोलतो.

आईनं वर्तमानपत्रातला ताईंचा एक फोटो देवांच्या शेजारी लावला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. पुढं मला त्याची लाज वाटू लागली, ती म्हापशाच्या कॉलेजात गेल्यावर.

कॉलेजात मी शहाणी झाले, म्हणजे आपण शहाणे झालो असं मला वाटू लागलं. गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी १९७८-७९ मध्ये बसप्रवासात पन्नास टक्के सवलत मागण्यासाठी मोठं आंदोलन केलं. आमच्यासारख्या, रोज लांबून येणाऱ्या मुलांना तिकिटाचे पैसे जड जात, यात खोटं काही नव्हतं. मोर्चे, धरणी, बंद, लाठ्या. सगळा गोवा त्या दिवसांत ढवळून निघाला होता. त्याच सुमारास यांत्रिक ट्रॉलर्सच्या विरोधात रापणकारही रस्त्यावर उतरले होते. ताईंच्या सरकारच्या अंगावर सगळीकडून वारं येत होतं. आमच्या कट्ट्यावर बोलणं चाले ते असं की ही बाई बापाच्या पुण्याईवर बसली आहे, हिला कळतंय काय. मीही ते बोलले. बोलण्याचं मला तितकं वाईट वाटत नाही. सरकारकडे मागणं मागताना माणूस तोलून-मापून बोलत नाही. पण एका मोर्चात मी सगळ्यात पुढं होते आणि मुलांनी रचलेली एक घोषणा माझ्या तोंडात होती. ती तिकिटाबद्दल नव्हती. ताई बाई आहेत, याबद्दल होती. ती मी इथं लिहिणार नाही. एक मुलगी ती घोषणा देते आहे म्हणून मुलांना अधिकच चेव येत होता, हे मला कळत होतं आणि त्याचा मला आनंद होत होता.

गावचाच कुणीतरी बाजाराला आला होता. माझ्याआधी ती गोष्ट घरी पोचली.

आई उंबऱ्यात बसली होती. ओरडली नाही. म्हणाली, "ह्या घर कोणामुळा रवला, ता ठाऊक आसा मा तुका?" मी सवलतीचं, हक्काचं, लोकशाहीचं काहीतरी सांगू लागले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी तुका तिकिटाक कधी पैशे कमी दिलंय?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ते पैसे कुठून येत, मला ठाऊक होतं. काजूच्या दिवसांत काजू, मे महिन्यात कोकमाची सोलं, पावसात शेतावरची मजुरी. तिनं पूर्ण तिकीट दिलं होतं, रोज, जातानाचं आणि येतानाचं. तिच्या दृष्टीनं अर्ध्या तिकिटाचा मोर्चा हा तिच्या कमाईचा अपमान होता आणि ती घोषणा हा तिच्या घराचा. त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. सकाळी तिकिटाचे पैसे मात्र उंबऱ्यावर ठेवलेले असत, मोजून, पूर्ण.

विद्यार्थ्यांची सवलतीची मागणी पुढे मान्य झाली. माझ्या भावाला तिचा लाभ झाला. म्हणजे मोर्चा चुकीचा नव्हता. चुकीचं काय होतं ते मला कळायला बरीच वर्षं जावी लागली.

१९७९ च्या एप्रिलमध्ये मगोचे तीन आमदार फुटले, विधानसभेत सरकार अल्पमतात आलं आणि २७ एप्रिलला राष्ट्रपती राजवट लागली. रेडिओवर बातमी लागली तेव्हा मी घरीच होते. मला वाटलं आई आता म्हणेल, झालं ना तुझ्या मनासारखं. ती तसं काही म्हणाली नाही. उठून देवापाशी वात सारली आणि एवढंच बोलली, "बापाशीचा राज्य सा वर्षां सांभाळल्यान. चलयेन सांभाळल्यान." तिच्या आवाजात दुःख होतं, त्याहून अधिक कौतुक होतं. मुलीनं सांभाळलं. ती स्वतःही नवऱ्यामागं घर सांभाळणारी बाई होती. ताईंचं राज्य आणि तिचं ३०० मीटर तिला एकाच मापाचं वाटत होतं.

१९८० च्या निवडणुकीत मगो हरला. ताई मग काँग्रेसमध्ये गेल्या, तिथून बाहेर पडल्या, भाऊसाहेबांच्या नावानं वेगळा पक्ष काढला, तो चालला नाही, पुन्हा मगोत आल्या. हे सगळं मी लग्न होऊन दोडामार्गाकडे आल्यावर पलीकडून पाहत होते. माझे सासरे जुने समाजवादी. ते म्हणायचे, तुमच्या गोव्यात पक्ष म्हणजे फेरीबोट, या काठावरून त्या काठावर. मी हसत असे. पण आईचं मत बदललं नाही. पक्षाशी तिला देणं-घेणंच नव्हतं.

१९८६ साली आमचा दावा निकाली निघाला आणि घर विकत घ्यायची वेळ आली. त्या वर्षी चतुर्थीला मी माहेरी गेले तेव्हा आईनं पाटी पुढं सरकवली. म्हणाली, कागदावर अंगठा लावणार नाही, सही करणार, शिकव. मी तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले होते, पहिलीच्या वर्गाला हात धरून गिरवायला शिकवत होते. पण आईचा हात धरताना माझा हात कापला. पाच दिवसांत ती नाव लिहायला शिकली. शेवटचं अक्षर नेहमी ओळीखाली घसरायचं. खरेदीच्या कागदावरही ते घसरलेलं आहे. आमच्यातला तो अबोला खऱ्या अर्थानं संपला तो त्या पाच दिवसांत, असं मला वाटतं, जरी त्याबद्दल एक अक्षरही आम्ही बोललो नाही.

ताई १९९० साली गोव्याच्या शिक्षणमंत्री झाल्या आणि त्यांनी निर्णय घेतला की सरकारी अनुदान मिळेल ते मातृभाषेतून, म्हणजे मराठी-कोंकणीतून, शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच. मोठा गदारोळ झाला. इंग्रजीतून चालणाऱ्या कितीतरी शाळा त्यानंतर कोंकणीकडे वळल्या. राजभाषेच्या वादात मराठी आणि कोंकणीवाले एकमेकांची डोकी फोडायला उठले होते, त्याला तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. मराठीच्या बाजूच्या मानल्या गेलेल्या बाईच्या या निर्णयानं कोंकणीच्या शाळाही वाढल्या, हे मला आजही विशेष वाटतं. २०११ मध्ये सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदानाची वाट मोकळी केली, तेव्हा ताई पंचाहत्तरी ओलांडलेल्या होत्या, तरी भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या पुढं उभ्या राहिल्या.

इथं मला माझा दुसरा कबुलीजबाब द्यावा लागेल. पस्तीस वर्षं मी मराठी शाळेत शिकवलं, सभांतून मातृभाषेचं महत्त्व सांगितलं. माझा नातू इंग्रजी शाळेत जातो. मुलानं विचारलं नाही आणि मीही अडवलं नाही. ताईंचं चुकलं असेल किंवा बरोबर असेल, त्या आपल्या म्हणण्यापाशी उभ्या राहिल्या. आम्ही म्हणणं एकीकडे ठेवलं आणि पोरं दुसरीकडे पाठवली.

२०१२ साली वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. आफ्रिकेतल्या युगांडा देशात प्रॉस्कोव्हिया ओरोमाइत नावाची १९ वर्षांची मुलगी पोटनिवडणूक जिंकून संसदेत गेली. तिचे वडील उसुक मतदारसंघाचे खासदार होते, त्यांच्या निधनानं ती जागा रिकामी झाली होती. शिक्षकांच्या खोलीत ती बातमी वाचून कुणीतरी म्हणालं, तिकडंही तेच, बाप गेला की लेक. मी काही बोलले नाही, पण दिवसभर ते वाक्य मनात राहिलं. श्रीलंकेत १९६० साली सिरिमाओ बंदरनायके जगातल्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या, त्या नवऱ्याच्या मागे. इंदिराबाईंना आधी नेहरूंची मुलगी म्हणूनच पाहिलं गेलं. बाईला आत जायचं दार पुरुषाच्या नावानंच उघडतं, हे खरं आहे. पण मुलगा बापाच्या गादीवर बसला तर त्याला आपण वारसदार म्हणतो आणि मुलगी बसली तर 'बापाच्या पुण्याईवर' म्हणतो. मोर्चातल्या माझ्या घोषणेच्या मुळाशी हेच होतं. भाऊसाहेब जाण्याआधी सहा वर्षं ताई आमदार होत्या आणि राज्यमंत्रीही होत्या, हे मला ठाऊक होतं. आईच्या आणि मावशीच्या भांडणातून मी ते पाठ केलेलं होतं. तरीही मी ते विसरले, कारण विसरणं सोयीचं होतं.

पंचायतीत स्त्रियांना राखीव जागा आल्या तेव्हा माझी थोरली जाऊ सरपंच झाली. पहिली दोन वर्षं शिक्का तिचा आणि कारभार भावोजींचा. तिसऱ्या वर्षी नळाच्या योजनेवरून तिनं भरसभेत भावोजींना "तुम्ही मागं बसा" म्हणून सांगितलं. सगळं गाव हसलं, पण भावोजी मागं बसले. दार कुणाच्या नावानं उघडलं हे फार दिवस कुणी लक्षात ठेवत नाही, आत जाऊन बाईनं काय केलं तेच मागं उरतं, हे मला जावेकडे बघून कळलं. तरी दार अजून किती अरुंद आहे बघा. गोव्याच्या २०२२ च्या निवडणुकीत ४० आमदारांत ३ स्त्रिया आल्या, आणि तिघींचेही पती राजकारणातले. संसदेनं २०२३ साली लोकसभा-विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना देणारी घटनादुरुस्ती केली, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर, अशी अट घालून.

त्या नरकासुराच्या रात्री वाड्यावरची पोरं भावाकडे विचारायला आली होती, ढोल वाजवू की नको? ताई कोण, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसावं, पण गावातल्या म्हाताऱ्यांची तोंडं पाहून ती बिचकली होती. भाऊ म्हणाला, जाळायचा तो जाळा, बडवू नका. पहाटे नरकासुर मुकाट्यानं जळला. फक्त बांबू फुटल्याचे आवाज.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण थकबाकी राहिली आहे असं मी सुरुवातीला म्हटलं, ती सांगते.

मोप्याचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडणे तालुक्यातल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. ज्या गावात बस चुकली तर दुसरी मिळत नसे तिथं आता दिल्ली-मुंबईची माणसं गाडीतून उतरून माड मोजतात. गेल्या मे महिन्यात माझा भाचा कागद घेऊन दोडामार्गाला आला. आईच्या घराला गिऱ्हाईक आलं आहे. आमच्या गोव्याच्या नागरी कायद्यानं मुलीचाही मुलासारखाच वाटा, तेव्हा माझ्या आणि माझ्या यजमानांच्या सहीशिवाय विक्री होत नाही. भाचा वाईट मुलगा नाही. त्याचं म्हणणं सरळ आहे. मातीच्या भिंतींना वाळवी लागली आहे, तिथं कुणी राहत नाही, मुलांची शिक्षणं आहेत. "आत्ये, तुजो वाटो तुका मेळटलो," तो म्हणाला. मी म्हटलं, मला पैसे नकोत. तो म्हणाला, मग सही कर.

त्यानं आणलेल्या कागदांच्या चळतीत १९८६ च्या खरेदीखताची झेरॉक्स होती. त्यावर आईची सही. शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं.

मी सही केलेली नाही. करणार नाही असंही म्हणालेली नाही. घर विकण्याचा हक्क हाही घराचाच हक्क आहे, आणि तो आईला ताईंच्या कायद्यानंच दिला, हे मला समजतं. भाटकाराच्या मर्जीवर जगणाऱ्याला विकायला काही नसतं. कदाचित आई असती तर तीच म्हणाली असती, पोरांची शाळा महत्त्वाची, विका. किंवा म्हणाली असती, या घरात राहून तू जी घोषणा दिलीस ती आधी परत घे आणि मग सही कर.

कागद माझ्या कपाटात आहेत. दिवाळीला मी पेडण्याला जाणार आहे. पोहे घेऊन त्या घरी जाईन, कौलांखाली थोडा वेळ बसेन. भाचा येईल तेव्हा त्याला आधी हे सगळं सांगेन, या लेखात लिहिलं आहे ते, घोषणेसकट. त्यानंतर तो जे म्हणेल ते.